‘स्विफ्टच्या पैशात जर्मन कूपे’: त्या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासूया

दीड-दोन महिने झाले, एकच मेसेज फिरून फिरून माझ्या फोनवर येतोय. आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या गिऱ्हाइकानं पाठवला, भाच्यानं पाठवला, तालमीच्या ग्रुपवर तर तीनदा येऊन गेला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: नव्या स्विफ्टच्या पैशात पंधरा वर्षं जुनी, दोन दारांची जर्मन कूपे मिळते. हायवेला पंधराचा ॲव्हरेज देते. इंजिन जर्मन, त्याला काही होत नाही. गिअरबॉक्स सीलबंद, तेल आयुष्यभर बदलायचं नाही. कमी किलोमीटरची बघून घेतली की नवीच समजा. दिल्लीवरून आणली तर आणखी स्वस्त. पार्टची चिंता कशाला, आपल्या उद्यमनगरात काय बनत नाही? आणि शेवटी, दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक अजून चालते, मग पंधरा वर्षांच्या गाडीला काय होतंय?

मी उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या वर्कशॉपांच्या वस्तीत, गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम करतो. या कूपे मला मनापासून आवडतात. लांब बॉनेट, मधला खांब नसलेल्या काचा, दार लावल्यावर येणारा तो भरीव आवाज, हे सगळं मला आजही थांबून बघावंसं वाटतं. तरीही लिहायला बसलो, कारण कागलकडचा एक पोरगा हा मेसेज खरा मानून उसाच्या बिलात भावाकडचे पैसे घालून अशी गाडी घेऊन आला. गेले पाच आठवडे ती माझ्या शेडमध्ये उभी आहे. कुठल्या कंपनीची, कुणाकडून घेतली, हे इथं सांगत नाही. ज्या मेसेजवर विसंबून घेतली, त्याबद्दल बोलतो.

आधी ॲव्हरेज, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. पोरगा मला म्हणाला, “मामा, मीटर तर चौदा दाखवतोय.” दाखवणारच. किणी टोलनाक्यावर मीटर शून्य केला, ऐंशीच्या वेगानं कऱ्हाडपर्यंत एकसारखी चालवली, की कुठल्याही मोठ्या पेट्रोल गाडीचा मीटर सुंदर आकडा दाखवतो. तो त्या तेवढ्या तुकड्याचा आकडा असतो. खरा ॲव्हरेज टाकी फुल्ल ते टाकी फुल्लच काढावा लागतो. आम्ही तावडे हॉटेलजवळ नोझल कट होईपर्यंत भरलं, साताऱ्याला जाऊन आलो, त्याच पंपावर पुन्हा कट होईपर्यंत भरलं. २४० किलोमीटरला २५ लिटर. म्हणजे साडेनऊच्या आसपास, आणि तेही जवळजवळ सगळं हायवेचं. गावात, राजारामपुरीतून रंकाळा आणि परत, असं चालवलं तर साडेपाच-सहाच्या वर जात नाही. चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट गरमच होत नाही, आणि थंड इंजिनला जास्त पेट्रोल लागतं.

यात गाडी बिघडलेली आहे असं समजू नका. कंपन्यांचे स्वतःचे आकडेही याच जवळचे आहेत. साडेतीन लिटरच्या व्ही-६ इंजिनाची मर्सिडीज सीएलके ३५० घ्या किंवा बीएमडब्ल्यूची ३३५आय कूपे घ्या, युरोपातल्या चाचणीतला शहर-हायवे मिळून ॲव्हरेज लिटरला साधारण दहा किलोमीटरच आहे. ती चाचणी प्रयोगशाळेतली. तिथं खंबाटकी घाट नाही, हायवेच्या रुंदीकरणाचे डायव्हर्जन नाहीत, गतिरोधक नाहीत. दीड टनाच्या वरचं वजन आणि रुंद टायर घेऊन पंधरा कुठून येणार? डिझेल कूपेला पंधरा मिळतो, हे मान्य करतो. बहुतेक तो आकडा तिथूनच उचलला आहे. पण मेसेजमधले फोटो पेट्रोल गाड्यांचे आहेत.

त्यात आता पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, झालंय. मी ऊस पिकवणाऱ्या घरातला आहे, इथेनॉलवर माझा राग नाही. पण लिटरभर इथेनॉलमधून लिटरभर पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा मिळते, हे रसायनशास्त्र आहे. ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचा ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल, असं २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालातच लिहिलंय. शिवाय पंधरा वर्षं जुने रबरी होज आणि सील या पेट्रोलसाठी केलेलेच नव्हते. पुण्याला जाऊन यायचं म्हणजे ४६० किलोमीटर. मेसेजच्या हिशेबानं ३१ लिटर, माझ्या हिशेबानं ५० च्या आसपास. लिटर शंभराच्या वर गेलेलं आहे, तेव्हा एका फेरीला दोन हजारांचा फरक पडतो.

ॲव्हरेज याच्याही खाली, सातवर आला असेल तर मात्र दुखणं आहे. अशा वेळी मी आधी इंजिनाचं तापमान बघतो. अर्धा तास चालवूनही काटा नव्वदच्या जवळ न जाता साठ-सत्तरवर रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय. इंजिन स्वतःला थंड समजून जास्त पेट्रोल ओढत राहतं. हे काम तुलनेनं स्वस्त आहे. लोक मात्र तेवढं न बघता इंजेक्टर बदलायला निघतात.

आता ‘जर्मन इंजिनला काही होत नाही’. होतं, आणि काय होतं ते जगभर माहीत आहे. मर्सिडीजचं एम-२७२ हे व्ही-६ इंजिन सीएलके ३५० मध्ये आणि त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत आहे. त्याची थरथर मारायला सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधोमध एक बॅलन्स शाफ्ट फिरतो. साधारण २००६ पर्यंतच्या इंजिनांत या शाफ्टचं दातेरी चाक वेळेआधी झिजतं. व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ सांभाळणारी टायमिंग चेन त्याच्यावरून जाते, त्यामुळं दात झिजले की टायमिंग सरकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. पार्ट मुठीत मावेल एवढा, पण तो बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. मजुरी पार्टच्या कितीतरी पट होते ती यामुळं. म्हणून सौदा करण्याआधी इंजिन नंबर घ्या आणि ते त्या काळातलं आहे का बघा. फक्त आरसी बुकावरच्या वर्षावर जाऊ नका.

याच इंजिनाला पुढच्या बाजूला कॅमशाफ्टचे चार मॅग्नेट असतात. त्यातून तेल झिरपतं. गळती जमिनीवर दिसत नाही, तेल वायरच्या आतून चढत जातं. मी प्लग काढून आत कापसाची काडी फिरवतो. काडी कोरडी आली तर ठीक. तेलकट आली तर ते तेल वायरिंगमधून ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत, पोचलंय का, हे बघितल्याशिवाय पुढं बोलायचं नाही. हा तपास पाच मिनिटांचा आहे आणि फुकट होतो.

बीएमडब्ल्यूच्या त्या काळच्या सहा सिलिंडर कूपेला पाण्याचा पंप इलेक्ट्रिक आहे. तो बऱ्याचदा काही इशारा न देता बंद पडतो आणि गाडी तिथंच थांबवावी लागते. ऑईल फिल्टर हाउसिंगची गॅस्केट आणि व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट गळणं हे तर ठरलेलं. ३३५आयच्या एन-५४ टर्बो इंजिनात हाय प्रेशर फ्युएल पंपाचा दोष इतका पसरला होता की २०१० मध्ये अमेरिकेत कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ऑडी टीटीच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातच नाही, म्हणून इनटेक व्हॉल्व्हवर काजळीचे थर बसतात. एवढं सांगूनही ही इंजिनं वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. ज्याचा बॅलन्स शाफ्ट चांगला आहे आणि ज्याचं ऑईल वेळेवर बदललंय, ते एम-२७२ खूप चालतं. ते चांगलं आहे की नाही, हे फोटोवरून कळत नाही एवढंच.

सीलबंद गिअरबॉक्सची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते, कारण पोराची गाडी त्यातच अडकली. बीएमडब्ल्यूला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स देणारी झेडएफ कंपनी स्वतः सांगते, ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला. मर्सिडीजनंही जुन्या पाच गिअरच्या बॉक्सबद्दल आधी आयुष्यभराचं तेल म्हटलं आणि नंतर किती किलोमीटरला बदलायचं ते सांगितलं. फोक्सवॅगन-ऑडीच्या सहा गिअरच्या, तेलात चालणाऱ्या ओल्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सला ६०,००० किलोमीटरला तेल लागतंच. आम्ही पोराच्या गाडीचं पॅन उतरवलं तेव्हा तेल काळ्या चहासारखं होतं, वास जळका. पॅनमधल्या चुंबकावर धातूची बारीक भुकटी मऊ लवीसारखी उभी राहिली होती. थोडी असती तर चिंता नव्हती, पण ही बोटानं निपटून काढावी लागली. गाडी एकाच गिअरात अडकून राहते, कारण आतल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवरचा स्पीड सेन्सर गेलाय.

इथूनच उद्यमनगरचा मुद्दा निघतो. म्हादबा मेस्त्रींसारख्या नामी कारागिराच्या गावात राहून मी उद्यमनगरला कमी कसं लेखेन? आपल्याकडं बुश दाबून मिळतात, शाफ्ट घासून मिळतो, सायलेन्सर जोडून मिळतो, तुटलेल्या ब्रॅकेटवर असं वेल्डिंग होतं की जोड सापडत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांत जातं. त्यामुळं लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग, रेडिएटर यांचं काम आपण करू, आणि पैसे वाचवूनही देऊ. पण मर्सिडीजचा गिअरबॉक्स कंट्रोल, स्टिअरिंग लॉक, चावीचं इग्निशन युनिट हे पार्ट चोरीपासून संरक्षण म्हणून गाडीच्या नंबरशी बांधलेले असतात. नवा पार्ट आणला तरी कंपनीच्या प्रणालीशी जोडून कोडिंग केल्याशिवाय गाडी त्याला ओळखत नाही. लेथवर दात कापता येतो, हा कोड कापता येत नाही. पोराची गाडी पाच आठवडे उभी आहे ती याच वाटेत.

‘कमी किलोमीटर म्हणजे नवी’ यावर फार वेळ घालवत नाही. १४ वर्षांत ४०,००० किलोमीटर म्हणजे गाडी उभी राहिली, आणि उभ्या गाडीचं रबर वाळतं. आकडा खरा आहे का, हेही बघा. टायरच्या बाजूला चार अंक असतात. २३११ म्हणजे २०११ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. काही बीएमडब्ल्यूंची चावीसुद्धा किलोमीटर साठवते, स्कॅनरवर मीटर आणि चावी जुळवून बघता येतं.

आपल्या भागात याहून मोठी भीती पुराची. २०१९ आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत पाणी कुठवर आलं होतं ते आपण पाहिलंय, शिरोलीजवळ हायवेही बंद पडला होता. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा हात-दीड हात सगळेच धुतात, पण आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची पिवळट रेघ राहते. सीटखालच्या रुळांवर गंज बघा, डिकीतला गालिचा उचला. अशा गाड्यांचे कंट्रोल युनिट गालिच्याखाली आणि डिकीत असतात, एकदा भिजले की सहा महिन्यांनी, वर्षानं, कधीही त्रास सुरू होतो. कूपेच्या दारांना चौकट नसते. दार उघडताना काच थोडी खाली येते आणि लावल्यावर परत चढते. तो रेग्युलेटर थकला की आपल्या जुलैच्या पावसात पाणी थेट आत येतं. चारदा दार उघडून-लावून बघा.

दिल्लीची गाडी स्वस्त असते, कारण तिथं १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, आणि लोक त्या मुदतीच्या आत विकून मोकळे होतात. इथं आणली की एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर. पंधरा वर्षं भरत आली असतील आणि गाडी परदेशातून तयार आलेली असेल, तर एप्रिल २०२२ पासून नोंदणी नूतनीकरणाचीच फी १५,००० वरून ४०,००० रुपये झाली आहे. स्वस्तातला फरक तिथंच विरून जातो.

मेबॅकबद्दल एवढंच. त्या गाडीवर माझीही श्रद्धा आहे, दसऱ्याला मी दरवर्षी बघायला जातो. पण तिच्यात कार्ब्युरेटर आहे, ईसीयू नाही. ती वर्षातून ठरलेल्या दिवशी, मिरवणुकीच्या वेगानं, जपून बाहेर येते. तिच्याशी बरोबरी करायची तर तिच्यासारखं जपावंही लागेल.

पोरानं गाडी विकायची नाही असं ठरवलंय. गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतका खर्च पुढं दिसतोय, तो त्याला मी कागदावर मांडून दिला. तो म्हणाला, “मामा, हे आधी कुणी सांगितलं असतं तर हेवढे पैसे बाजूला ठेवूनच घेतली असती.” तुम्हीही घेणार असाल तर किमतीचा तिसरा हिस्सा वेगळा ठेवून घ्या. गाडी बघायला सकाळी जा, आधी सांगू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्यानं चालू करून ठेवली होती असं समजा. चेनची खडखड थंड इंजिनवरच, पहिल्या दोन-तीन सेकंदांत ऐकू येते. चहा घ्या, गप्पा मारा, दोन-तीन तास जाऊ द्या, आणि मग चावी मागा.