ठमीचे आजारपण, पॅनकेक आणि आपले आक्षेप

सस्नेह नमस्कार.

माझी कुत्री ठमी हिच्या आजारपणात मी केलेल्या पॅनकेकविषयी लिहिले, त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत. ती मी दोन-तीनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : घरातला मुका जीव वेदनेने तळमळत असताना माणसाला गोडधोड करावेसे वाटते, हेच मुळात आपल्याला खटकले. त्यातही दूध-अंडी नको, गहू नको, हे आपल्याला चोचले वाटले. एवढे असूनही आपण पाककृती करून पाहिलीत, तर पॅनकेक बाहेरून करपले आणि आत लगदा राहिला. शेवटी आपण विचारलेत की, ठमी स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती असे मी लिहिले आहे, तर तिलाही त्यातला तुकडा दिला होता का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

नाही, दिला नव्हता. परंतु तो द्यायचा नाही, हे मी लेखात कुठेही स्पष्टपणे लिहिले नव्हते, आणि ही चूक पूर्णपणे माझी आहे. त्याहून गंभीर म्हणजे पाककृतीत ‘गोडीसाठी आवडीचा कोणताही पर्याय चालेल’ असे एक वाक्य मी सहज लिहून गेले होते. ज्या घरात कुत्रा आहे त्या घरासाठी हे वाक्य धोकादायक आहे. साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या पर्यायांपैकी झायलिटॉल हा माणसाला सोसतो, परंतु कुत्र्याच्या शरीरात तो गेला की स्वादुपिंडातून एकदम मोठ्या प्रमाणावर इन्सुलिन सुटते आणि बहुधा तासाभराच्या आतच रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.१ ग्रॅम एवढी मात्राही त्यासाठी पुरते, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम, चहाच्या चमच्याचा पाव भाग. मात्रा अधिक असेल तर यकृत निकामी होऊ शकते. हाच पदार्थ काही डब्यांवर ‘बर्च शुगर’ या निरुपद्रवी वाटणाऱ्या नावाने असतो, आणि ‘शुगर-फ्री’ सिरपमध्येही असू शकतो. ते वाक्य मी काढून टाकले आहे. त्याच्या जागी साधी साखर किंवा मेपल सिरप असे लिहिले आहे, आणि मनुका, चॉकलेट, मॅकाडेमियाचे दाणे व जायफळ यांपैकी काहीही पिठात घातले असेल तर ताट आणि खरकटे कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवावे, हेही जोडले आहे.

ठमीच्या बाबतीत तर यांपैकी काही नसतानाही तुकडा देणे चुकीचेच ठरले असते. तिला स्वादुपिंडाची सूज होती. या आजारात अन्न पचवणारी विकरे आतड्यात पोचण्याआधी स्वादुपिंडातच जागी होतात आणि त्या अवयवालाच इजा करू लागतात. सतत उलट्या होतात, पोट इतके दुखते की कुत्रा पुढचे पाय व छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलून धरतो. ठमी तशी उभी राहिली, तेव्हा मला आधी वाटले की ती खेळायला बोलावते आहे. ते आठवले की आजही पोटात कालवते. तीन दिवस दवाखान्यात सलाइन, उलटी थांबवणारी आणि वेदनाशामक औषधे झाल्यावर ती घरी आली, ती स्निग्ध पदार्थ अत्यंत कमी असलेल्या पथ्यावर. कुत्र्याला पीठ मुळीच पचत नाही असे नव्हे. स्टार्च पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले आहे. पण या आजारात तेलाचा चमचाभर अंशही नडू शकतो, आणि डॉक्टरांनी आखून दिलेल्या आहारात आपल्या मायेने भर घालायची नसते.

आता आपला पहिला आक्षेप. मला खावेसे कसे वाटले, असे आपण विचारता. खरे सांगायचे तर ते वाटलेच नव्हते. ती दवाखान्यात होती त्या तीन दिवसांत घास घशाखाली उतरत नव्हता, आणि मी जवळपास उपाशीच राहिले. ती घरी आल्यावर मात्र चित्र बदलले. पूर्वी अशा रुग्णाचे पोट कित्येक दिवस रिकामे ठेवत असत. आता उलट्या आटोक्यात आल्या की लवकर आणि थोडे थोडे खायला घालण्यावर भर असतो. त्यामुळे दर चार तासांनी दोन-तीन चमचे अन्न, दिवसातून दोन वेळा एक औषध, तीन वेळा दुसरे, आणि प्रत्येक वेळी तिने किती खाल्ले, ओकली का, शी कशी झाली, हे वहीत लिहून ठेवणे असा क्रम सुरू झाला. दुसऱ्या रात्री मी वेदनाशामकाची मात्रा सिरिंजमध्ये दुप्पट भरली होती. द्यायच्या आधी वहीत पाहिले म्हणून लक्षात आले. हात थरथरत होते, आणि आदल्या दिवशी दुपारपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हते. त्या रात्री दोन वाजता मी पीठ भिजवले. आपण याला गोडधोडाची हौस म्हणालात. माझ्यासाठी ती पुढची मात्रा बरोबर भरता यावी यासाठी केलेली तजवीज होती. ते अन्न मऊ आणि गरम होते, एका हाताने खाता येत होते, आणि त्याने जिवाला बरे वाटले, हेही मी नाकारणार नाही. तिच्या वेदना माझ्या उपाशी राहण्याने तसूभरही कमी होणार नव्हत्या.

स्वयंपाकघराच्या दाराशी ती बसली होती, हे वर्णन मात्र ती घरी आल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाचे आहे. पहिल्या दोन दिवशी तिला अन्नाच्या वासानेच मळमळत असे. ती ओठ चाटायची, लाळ गाळायची आणि तोंड फिरवून घ्यायची, म्हणून मी दार लावून, खिडकी उघडून, तव्याला तेलाचा नुसता हात पुसून पॅनकेक करत होते. तिसऱ्या दिवशी वासाने ती उठून दाराशी आली, याचा मला केवढा आनंद झाला ते सांगण्यासाठी मी ते वाक्य लिहिले होते. भूक परतल्याची ती पहिली खूण होती. तिला मी तिचे पथ्याचे अन्न वाढले, आणि ते तिने संपवले.

‘चोचले’ या शब्दाविषयी थोडेच लिहिते. मला सीलिअक आजार आहे. गहू, सातू आणि राय या धान्यांतील ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की माझी रोगप्रतिकारक यंत्रणा माझ्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. यावर औषध म्हणजे आयुष्यभराचे पथ्य. आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असू नये. यावरून माझ्यासारख्यांना किती सूक्ष्म प्रमाणाची काळजी घ्यावी लागते, याची कल्पना यावी. आजारी कुत्र्याची सेवा करताना तर हे आणखी अवघड होते, कारण कुत्र्यांच्या पुष्कळ कोरड्या खाद्यांत आणि गोळी लपवण्याच्या खाऊंत गहू असतो. ठमीला भरवल्यावर प्रत्येक वेळी हात साबणाने धुऊनच मी माझ्या पिठाला हात लावत होते. दूध आणि अंडी सोडणे हा मात्र माझ्या विचाराचा भाग आहे, आजाराचा नव्हे, आणि तो मी ठमीवर लादत नाही. तिचे पथ्याचे खाद्य मांसाहारी आहे आणि मी ते निमूटपणे मोजून वाढते.

उरला पॅनकेकचा लगदा. येथे आपली तक्रार रास्त आहे, आणि तिचे मूळ माझ्या पाककृतीच्या मोघम लिहिण्यात आहे. मी ‘एक केळे’ लिहिले होते. मी वापरते ते लहान केळे सोलल्यावर ७५ ग्रॅमच्या आसपास भरते, पण मोठे केळे १३५ ग्रॅमही भरू शकते. केळ्यात तीन चतुर्थांश पाणीच असते, म्हणजे केवळ केळे मोठे घेतल्याने सुमारे ४५ मिलिलिटर पाणी अधिक जाते, आणि १२० ग्रॅम पिठाला ते फार होते. तेव्हा प्रमाण वजनातच देते. ८० ग्रॅम कुट्टूचे, म्हणजे बकव्हीटचे पीठ, ४० ग्रॅम तांदळाचे पीठ, कुस्करलेले केळे ७५ ग्रॅम, सोयाचे दूध १८० मिलिलिटर, एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि एक लहान चमचा लिंबाचा रस. बकव्हीटच्या नावात ‘व्हीट’ असले तरी गव्हाशी त्याचे काही नाते नाही. ते गवताच्या कुळातलेसुद्धा नाही. तरीही गव्हाच्याच जात्यावर दळलेले पीठ सीलिअक असलेल्याला चालणार नाही, आणि काही बेकिंग पावडरींत गव्हाचा स्टार्च असतो, तेव्हा दोन्हींची वेष्टने वाचून घ्यावीत.

जवसाची पूडच घ्यावी. अख्ख्या बियांचा उपयोग होत नाही, कारण अंड्याऐवजी जो चिकटपणा आपल्याला हवा आहे तो बियांच्या सालीतील डिंकासारख्या द्रव्यातून येतो आणि पूड पाण्यात दहा मिनिटे भिजली की तो चांगला उतरतो. हेच द्रव्य पाणी घट्ट धरूनही ठेवते. म्हणून हे पॅनकेक गव्हाच्या पॅनकेकपेक्षा सावकाश शिजतात, आणि आच मोठी असेल तर बाहेरची बाजू करपते तेव्हा आतला स्टार्च अजून कच्चाच असतो. आपल्या तव्यावर नेमके हेच झाले असावे. आच मंद ठेवा, पॅनकेक तळहाताएवढा, दहा सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, आणि उलटवल्यावर एक मिनिट झाकण ठेवा. गव्हाच्या पॅनकेकवर बुडबुडे फुटून भोके राहिली की उलटवायची वेळ झाली असे समजतात. या घट्ट पिठात बुडबुडे थोडेच येतात, त्यामुळे त्यांची वाट पाहत बसलात तर खालची बाजू जळते. त्याऐवजी कडेची चकाकी गेली का, ते पाहा. उतरवल्यावर दोन मिनिटे थांबून मग कापा, कारण स्टार्च थोडा निवला की घट्ट बसतो. तव्यावरून थेट तोंडात घातलेला पॅनकेक नीट शिजलेला असला तरी चिकट लागतो.

आणि हे पीठ मी त्या रात्री का निवडले, त्याचे खरे कारण मूळ लेखात राहून गेले. गव्हाचे पीठ जास्त ढवळले की ग्लूटेनचे जाळे घट्ट होते आणि पॅनकेक चिवट होतात. येथे जाळे तयार होण्याचा प्रश्नच नाही. उलट वीस मिनिटे मुरल्याने तांदळाच्या पिठाचा रवाळपणा कमी होतो. म्हणजे पीठ भिजवून ठेवले आणि तेवढ्यात ठमी ओकली, तिला पुसायचे, अंथरूण बदलायचे, पुन्हा झोपवायचे, तरी परत आल्यावर पीठ बिघडलेले नसते. बेकिंग पावडर आणि लिंबाचा रस तेवढा तवा तापल्यावर, अगदी शेवटी मिसळायचा. त्याआधीचे मिश्रण झाकून फ्रिजमध्ये रात्रभरही राहते. मध्येच सोडून उठता येईल असा स्वयंपाक मला हवा होता, आणि दुखणाइताशेजारी बसलेल्या कुणालाही तसाच लागतो असे मला वाटते.

एक सूचना आपण विचारलेली नसली तरी लिहिते, कारण हा लेख वाचणाऱ्या सर्वांकडे कुत्राच असेल असे नाही. घरात पक्षी असेल तर नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नये. तो सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या वर गेला की लेपातून निघणारी वाफ पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकते, आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथवर पोचायला वेळ लागत नाही. रात्री मध्येच उठून जावे लागले तर आधी गॅस बंद करावा.

ठमी आता दिवसातून चार वेळा खाते. परवा पहिल्यांदा जिना स्वतः चढली. पथ्य बहुधा कायमचे राहील, असे डॉक्टर म्हणतात. आपण पुन्हा करून पाहणार असाल तर केळे वजन करून घ्या, आणि पहिला पॅनकेक मधोमध कापून आत कसा दिसतो ते मला कळवा. अजूनही ओलसर राहिला तर पुढच्या वेळी दूध १६० मिलिलिटरवर आणून पाहू.