‘पोस्टकार्ड चाटून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

बेल्जियमहून आलेल्या बिअरच्या सहा बाटल्यांवर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. लगेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण दोन दिवस थांबलो. थांबून राग गेला असं मात्र म्हणवत नाही.

आधी माझी चूक. वेस्टमाल या बेल्जियन मठाची ट्रिपेल ही कडक बिअर 1956 सालची, असं मी लिहिलं होतं. तुमचं बरोबर आहे, ती 1934 मध्ये आली आणि 1956 मध्ये तिची कृती बदलली. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते वाक्य. “जिथे जाता येत नाही तिथली बिअर घरी बसून पिणं आणि त्यावर लिहिणं म्हणजे पोस्टकार्ड चाटून प्रवासवर्णन लिहिण्यासारखं आहे.” पटलं नाही तर तसं सांगा, चार शब्द जास्त सुनवा. पण ‘चाटून’? घरी आलेल्या माणसाशी तुम्ही या शब्दांत बोलाल का? मग इथे लिहिताना हात का थांबत नाही?

मला का जाता येत नाही, हे लेखात लिहिलं नव्हतं, कारण लेख माझ्यावर नव्हता. आता लिहावं लागतंय. बाबांचं डायलिसिस असतं, सोमवार, बुधवार, शुक्रवार. गेल्या पाच वर्षांत मी पुण्याबाहेर सलग दोन रात्री राहिलेलो नाही. त्याआधी, 2012-13 मध्ये, नोकरीनिमित्त सोळा महिने बेल्जियममधल्या गेंटला होतो. शनिवारी आगगाडीनं अर्ध्या-पाऊण तासात ब्रसेल्स. आंडरलेख्तमधल्या कँतियाँत तीनदा गेलो. 1900 सालची ती ब्रुअरी. वर छपराखाली तांब्याचं रुंद, उथळ भांडं आहे. उकळलेला धान्याचा रस तिथे रात्रभर उघडा निवत ठेवतात. यीस्ट कोणी घालत नाही. हवेतलं, लाकडी पिंपांतलं जे येऊन बसेल त्यावरच आंबणं सुरू होतं. म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच करतात, उन्हाळ्यात नको ते जंतू माजतात. त्या पोटमाळ्यावरचा ओल्या लाकडाचा वास माझ्या नाकात अजून आहे. तेव्हा पोस्टकार्डाचं मला सांगू नका.

आणि ‘जाणं’ म्हणजे नक्की काय, तेही सांगा. अशी हवेतल्या यीस्टवर आंबलेली बिअर म्हणजे लँबिक. ती पिंपात एक, दोन, तीन वर्षं राहते आणि वेगवेगळ्या वयाच्या लँबिक मिसळून ग्योझ ही बिअर बनते. मावसभावाने आणलेल्या ग्योझमध्ये असे तीन हिवाळे आहेत. आज तिकीट काढून ब्रसेल्सला उतरलात तरी त्या हिवाळ्यांत तुम्हाला जाता येणार नाही. ते सरले. राहिलेत ते बाटलीत, आणि ती माझ्या टेबलावर होती. रोशफोर या बिअरचं बघा. तो मठ आहे, ब्रुअरी पर्यटकांना खुली नसते. दारापर्यंत गेलेला माणूसही शेवटी माझ्यासारखाच बाटली उघडतो. मग त्याचं पिणं खरं आणि माझं खोटं, हे ठरवणारे तुम्ही कोण?

बाटल्या मोजून येतात, हेही तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मावसभाऊ अँटवर्पला असतो, वर्षातून एकदा येतो. विमानाने येताना माणशी दोन लिटरची सूट. 33 सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे 1.98 लिटर. प्रत्येक बाटली तो मोज्यात गुंडाळून आणतो, आणि तिच्यासाठी मी बाबा झोपल्यानंतरची एक संध्याकाळ राखून ठेवतो. याला तुम्ही दिखावा म्हणालात.

प्रवासात बाटली तापते, चव बदलते, असंही तुम्ही लिहिलंय. बदलत असेल. सहांतल्या ऑर्व्हाल या बिअरच्या बाटलीत ब्रेटानोमायसीस हे यीस्ट जिवंत असतं आणि महिनोन्‌महिने काम करत राहतं. ताजी असताना हॉप्सच्या फुलांचा कडवट सुगंध पुढे असतो, वर्षभराने ती कोरडी होते, जुन्या चामड्यासारखा वास येतो. बेल्जियममधल्या काही कॅफेत ताजी आणि जुनी वेगवेगळी मागता येते. बदलणं हा त्या बिअरचा स्वभावच आहे, त्यामुळे यावर मी जास्त लिहीत नाही. पुण्यात बनणारी बिअर का पीत नाही, या तुमच्या प्रश्नाचा लेखाशी संबंध नाही. पितो.

तुम्ही बरंच फिरला आहात, हे तुमच्या प्रतिक्रियेतल्या सात शहरांच्या नावांवरून कळलं. त्यांतल्या एकाही शहरातल्या एकाही घोटाची चव मात्र तुम्ही लिहिली नाहीत. ती लिहिली असतीत तर मी मन लावून वाचली असती, खरंच.

सहातली एक ऑर्व्हाल अजून कपाटात, अंधारात उभी आहे. डिसेंबरमध्ये तिला वर्ष होईल, तेव्हा उघडेन आणि लिहीन. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘चाटून’ हा शब्द तेवढा तुम्ही मागे घ्या.