हिऱ्याची पारख

साडूंनी रेकॉर्ड प्लेअरला लाखाच्या वरची कार्ट्रिज (सुई बसवलेली ती इवलीशी डबी) घेतली, म्हणजे इंदूरच्या रामबागेत जाऊन "वा!" म्हणून येणं आलंच. मी माझीही खिशात घालून नेली. डेनॉन डीएल-103. 1960च्या दशकात जपानी रेडिओसाठी घडवलेली, आजही बनते. तिचं प्लॅस्टिकचं कवच सोलून मी शिसवी लाकडाचं बसवलंय.

"सुताराकडून आणलीत?" साडू म्हणाले. तेही गिळलं असतं, पण शेजारी त्यांचे सराफ्यातले स्नेही शेव खात बसले होते.

"भिया, इसमें हीरा है क्या?"

"दोन्हींत आहे," मी म्हणालो.

गृहस्थांनी बोटं पँटला पुसली, खिशातून भिंग काढून डोळ्यात बसवलं आणि गहाण आलेली नथ तपासावी तशा दोन्ही सुया तपासल्या. "वजन?"

सुईचा दाब सांगितला. साडूंचा दोन ग्रॅम, माझा अडीच.

"फिर तो इनकी भारी है!"

आयुष्यात पहिल्यांदा माझा भाव वधारला. तेवढ्यात साडूंनी आपल्या कार्ट्रिजची किंमत सांगितली. गृहस्थांनी सुई टेकायच्या आतच डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली.

"घिसता है?"

"हजारेक तासांत."

"और बेचने जाओ तो?"

साडू शेव वाढायला उठले.

आता खरं सांगायचं तर फरक आहे. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते, आत येईतो त्याच्या निम्मीही नाही. तेवढ्याच जागेत सगळं कोंबलेलं. माझी गोल टोकाची सुई तिथे चाचपडते, साडूंची बारीक धारेची नीट वळते. आणि आपल्या ख्यालाची द्रुत तान नेमकी तिथेच येते! पण विलंबितात, मंद्र सप्तकात, तानपुऱ्याच्या भरावात? तिथे कितीतरी पट पैशांचं काय ऐकायचं ते मला ऐकू आलं नाही. शिवाय 103ला जड आर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, लागतो. साडूंचा पिसासारखा हलका, हे त्यांना ठाऊक आहे. तरी त्याच आर्मला माझी लावली, अर्धा मिनिट ऐकली आणि म्हणाले, "बेस जरा सैल वाटतो, नाही का?" सैल! आर्म बदला म्हटलं तर, "आता कोण उठाठेव करणार." स्वतःच्या कार्ट्रिजचा कोन जुळवायला मात्र भोपाळहून माणूस आणला होता.

निघताना सराफांनी माझ्या हातावर कार्ड ठेवलं. "भाभीजी के लिए कुछ बनवाना हो तो आना, भिया. हम वापस भी लेते हैं."