जायरो ड्रिफ्ट बंद करा म्हणे!

फ्लाइट सिमवाल्यांमधे (कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्यांमधे) एक सल्ला सारखा फिरतोय, की सेटिंगमधे जाऊन जायरो ड्रिफ्ट, म्हणजे जायरोवर (वेगाने फिरणाऱ्या चकतीवर) चालणाऱ्या दिशादर्शकाचं हळूहळू चुकत जाणं, बंद करून टाका, खऱ्या विमानात असं काही नसतं, उगाच डोक्याला ताप. एकेक मुद्दा घेऊ.

"खरा जायरो एकदा फिरायला लागला की दिशा सोडत नाही." बरोबर, तो सोडत नाही, पण खाली पृथ्वी फिरतेय ना, तासाला 15 अंश! त्यातलं हेडिंग इंडिकेटरवर (नाक कुठल्या दिशेला आहे ते जायरोने दाखवणाऱ्या यंत्रावर) किती दिसणार ते अक्षांशावर ठरतं, विषुववृत्तावर शून्य, 30 अक्षांशावर तासाला साडेसात, ध्रुवावर पूर्ण 15, आणि बेअरिंगचं घर्षण वेगळंच. म्हणून तर खरे पायलट दर 10-15 मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवतात, तेही विमान सरळ आणि एका वेगात असताना, कारण वळणात होकायंत्रच चुकीचं दाखवतं.

"बिघडला तर लगेच कळतं." इथे तर कहर आहे. जुन्या सेसना 172 मधे हे जायरो इंजिनावरच्या, हवा ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपावर चालतात. पंप गेला तरी रोटर (जायरोची चकती) हजारो आरपीएमवर फिरत असतो, तो मंदावायला कित्येक मिनिटं लागतात आणि तोवर अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर (विमान किती कललंय ते दाखवणारा) हळूच डावीकडे कलायला लागतो, तुम्ही ढगात, बाहेर काही दिसत नाही, म्हणून तुम्ही विमान उजवीकडे नेऊन तो सरळ करता, आता इंडिकेटर म्हणतो सगळं सरळ आहे आणि विमान मात्र उजवीकडे कललेलं, नाक खाली, स्पीड वाढतोय. खरं सांगतोय तो विजेवर चालणारा टर्न कोऑर्डिनेटर (विमान वळतंय का ते दाखवणारा) आणि कोपऱ्यातला सक्शन गेज (पंपाची ओढ दाखवणारा), ज्याच्याकडे कोणी बघत नाही. काही सिममधे पंप गेल्या गेल्या इंडिकेटर धाडकन आडवा पडतो, बहुतेक त्यावरूनच हा समज पसरला असावा.

"जीपीएस असताना कशाला पाहिजे?" जीपीएस ट्रॅक, म्हणजे विमान जमिनीवरून कुठल्या दिशेने सरकतंय ते, दाखवतो, नाक कुठे आहे ते नाही. 100 नॉटवर 20 नॉटचा आडवा वारा असेल तर दोन्हीत साडेअकरा अंशांचा फरक पडू शकतो.

ग्लास कॉकपिटबद्दल (काट्यांऐवजी स्क्रीन असलेल्या) मात्र हे लोक बरोबर आहेत. तिथे मॅग्नेटोमीटर (चुंबकीय दिशा मोजणारा सेन्सर) हेडिंग सतत दुरुस्त करत असतो, त्यामुळे जी1000 (असंच एक ग्लास कॉकपिट) घेऊन उडत असाल तर बंद करायला ड्रिफ्टच नाही.