एक्स्टेंशन निघत नाही म्हणून फॉरमॅट मारू नका

सेवा केंद्रचालक, झेरॉक्सवाले आणि शिक्षक यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज बऱ्याच दिवसांपासून फिरतोय. ब्राउझरमध्ये नको ते एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम) शिरलं आणि काढता येत नसेल तर काय करायचं, हे त्यात सांगितलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आधी हिस्टरी आणि कुकीज साफ करा. मग क्रोमच्या सेटिंगमधलं 'क्लीन अप कॉम्प्युटर' चालवा. तरी नाही गेलं तर क्रोम अनइन्स्टॉल करून नव्याने टाका. तोवर इनकॉग्निटोत (हिस्टरी न ठेवणाऱ्या खाजगी खिडकीत) काम करा, त्यात धोका नाही. एक्स्टेंशन वेब स्टोअरवरचं असेल तर काळजी नको. आणि 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' अशी ओळ दिसली तर मशीन हॅक झालं समजा, फॉरमॅटशिवाय इलाज नाही.

परभणीत मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. "सर, काढलं तरी परत परत येऊलालंय" ही तक्रार जिंतूर, गंगाखेड, हिंगोली, जालना असं सगळीकडून येते, आणि तक्रार करणाऱ्याने बहुतेक वेळा हा मेसेज आधीच करून पाहिलेला असतो. मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहायलाच हवा. सेवा केंद्राच्या एका मशीनवरून गावातल्या शेकडो लोकांचे आधार, सातबारे, पासबुकं आणि लेकरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म जातात. अशा बऱ्याच एक्स्टेंशनना 'सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी असते. म्हणजे पीक विम्याच्या फॉर्ममध्ये तुम्ही टाकलेला खाते क्रमांक ते वाचू शकतं, आणि पानावर दिसणारा मजकूर बदलूही शकतं. त्यामुळे नुसत्या जाहिराती दिसतात एवढ्यावर हा विषय सोडता येत नाही.

हिस्टरीचा मुद्दा लवकर संपतो. हिस्टरी म्हणजे कुठल्या पानांवर गेलात त्याची नोंद, आणि कुकीज म्हणजे त्या साइटनी ठेवलेल्या खुणा. एक्स्टेंशन यांपैकी कशातच नसतं, ते प्रोफाइलच्या, म्हणजे क्रोम तुमच्या सगळ्या गोष्टी ठेवतं त्या जागेतल्या, वेगळ्या फोल्डरमध्ये असतं. कुकीज पुसल्या की सगळीकडून लॉगआउट व्हाल, ऐन गर्दीत पुन्हा ओटीपी मागत बसाल, आणि एक्स्टेंशन जागच्या जागी राहील.

'क्लीन अप कॉम्प्युटर' हे बटण आता क्रोममध्ये सापडणारच नाही. गूगलने 2015 साली ते साधन आणलं होतं आणि मार्च 2023 मध्ये, क्रोमच्या 111 व्या आवृत्तीपासून, काढून टाकलं. मेसेज त्याआधीचा असावा. खरी भीती पुढे आहे. बटण सापडत नाही म्हणून लोक गूगलवर 'क्रोम क्लीनअप टूल' शोधतात, वरच्या जाहिरातीवर क्लिक करतात आणि तिथून आणखी काहीतरी उतरवून घेतात. क्रोममध्ये आज आहे ते 'रीसेट सेटिंग्ज'. त्याने एक्स्टेंशन बंद होतात, सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान मूळ जागी येतं, बुकमार्क आणि पासवर्ड शाबूत राहतात. साध्या प्रकरणात एवढं पुरतं. पण बाहेरून सक्तीने बसवलेल्या एक्स्टेंशनला रीसेट हात लावत नाही.

आता अनइन्स्टॉलचा मुद्दा. याच्यावरच लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून इथे थोडं थांबतो.

क्रोम काढताना एक छोटी चौकट दिसते: ब्राउझिंग डेटाही पुसायचा का? तिथे खूण केली नाही तर क्रोमचा प्रोग्राम जातो, पण 'अॅपडेटा'मधलं तुमचं प्रोफाइल, त्यातल्या एक्स्टेंशनसकट, डिस्कवरच राहतं. नवं क्रोम आलं की तेच प्रोफाइल उघडतं. बरं, खूण करून सगळं पुसलं, तरी तुम्ही पुन्हा गूगल खात्याने साइन इन करता आणि सिंक (खात्यातल्या गोष्टी प्रत्येक मशीनवर आपोआप उतरवणारी सोय) चालू असेल तर एक्स्टेंशनही खात्यासोबत परत उतरतं. तिसरी शक्यता जास्त वाईट. एक्स्टेंशन क्रोममधून आलेलंच नसतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, कोणीतरी हुकूम लिहून ठेवलेला असतो की या मशीनवर क्रोम चालू झालं की हे एक्स्टेंशन बसवायचंच. रजिस्ट्री क्रोमच्या बाहेर असते, त्यामुळे क्रोम काढून टाकल्याने हा हुकूम पुसला जात नाही. हराळी वरून कितीही कापली तरी काशा जमिनीत राहिल्या की पहिल्या पावसात रान पुन्हा हिरवं, तसंच हे.

म्हणून आधी एक्स्टेंशन कोणाच्या जोरावर टिकलंय ते शोधा. एक्स्टेंशनच्या पानावर 'रिमूव्ह' बटण असेल आणि काढल्यावर काही वेळाने ते परत येत असेल, तर संशय सिंकवर किंवा मशीनवर बसलेल्या एखाद्या प्रोग्रामवर घ्या. सिंकच्या यादीतला एक्स्टेंशनचा खटका बंद करून एक दिवस पाहा. बटणच नसेल, खटका करडा पडला असेल आणि 'इन्स्टॉल्ड बाय युवर अॅडमिनिस्ट्रेटर' असं लिहिलेलं असेल, तर तो रजिस्ट्रीतला हुकूम.

इनकॉग्निटोबद्दलचा दावा अर्धा खरा आहे, आणि त्यामुळेच तो फसवा ठरतो. इनकॉग्निटो खिडकीत एक्स्टेंशन सहसा बंद असतात, तुम्ही मुद्दाम परवानगी दिली असेल तरच चालतात. त्यामुळे तिथे जाहिराती दिसत नाहीत आणि माणसाला वाटतं, सुटलो. पण शेजारच्या साध्या खिडकीत तेच एक्स्टेंशन चालू असतं आणि कामाच्या धांदलीत केंद्रातलं कोणी ना कोणी ती खिडकी उघडतंच. दोष एक्स्टेंशनचा आहे की नाही हे ओळखायला इनकॉग्निटो चांगलं आहे. तिथे त्रास थांबला तर बहुधा एक्स्टेंशनच. एवढ्यापुरतंच ते वापरा.

अशा कित्येक तक्रारींत एक्स्टेंशन नसतंच, हेही इथेच सांगतो. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' अशा पट्ट्या येत असतील, तर कुठल्या तरी साइटवर तुम्ही नोटिफिकेशनला 'अलाउ' केलेलं असतं. साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन उघडा आणि अनोळखी साइट काढा. त्या पट्टीवरच्या नंबरला फोन करू नका, आणि पलीकडचा माणूस सांगतो म्हणून मशीन दुरून चालवायचं अॅप तर मुळीच टाकू नका.

'वेब स्टोअरवरचं म्हणजे सुरक्षित' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. 2014 पासून विंडोजवरच्या क्रोममध्ये साध्या वापरकर्त्याला स्टोअरबाहेरचं एक्स्टेंशन सहजासहजी बसवता येत नाही, हे खरं. त्याने बरीच घाण थांबली. पण स्टोअरवरचं एक्स्टेंशन आज चांगलं आहे म्हणून उद्याही चांगलंच राहील याची हमी नाही, कारण ते स्वतःहून अपडेट होतं. 'द ग्रेट सस्पेंडर' हे वीस लाखांहून जास्त लोकांचं आवडतं एक्स्टेंशन होतं. 2020 साली मूळ कर्त्याने ते दुसऱ्याला विकलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलला ते बंद करावं लागलं. डिसेंबर 2024 मध्ये 'सायबरहेवन' या सुरक्षा कंपनीच्याच कर्मचाऱ्याला खोटा ईमेल पाठवून तिच्या एक्स्टेंशनचा ताबा घेतला गेला आणि नाताळच्या दिवशी बिघडवलेली आवृत्ती लोकांच्या मशीनवर आपोआप पोचली. ज्या कंपनीचं कामच डेटा जपण्याचं, तिच्याबाबतीत हे घडलं. मग 'फुकट पीडीएफ जोडा'वाल्या अनोळखी एक्स्टेंशनवर किती विसंबायचं? रोज लागतात तेवढीच ठेवा, बाकीची काढा.

राहिली 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' ही ओळ आणि फॉरमॅट. ही ओळ दिसली म्हणजे मशीन हॅक झालं असं नाही. तिचा अर्थ एवढाच की क्रोमला कुठली तरी पॉलिसी, म्हणजे बाहेरून घातलेला हुकूम, लागू आहे. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या मशीनवर ती रीतसर असते आणि तिथे तुम्ही काही काढू नये, तिथल्या माणसाला विचारावं. काही अँटीव्हायरसही एखादी पॉलिसी लावतात. पण मशीन तुमच्या मालकीचं, कुठल्याच संस्थेशी जोडलेलं नाही आणि तरी ही ओळ दिसते, तर खोलात जायला हवं.

पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप करा. जे पान उघडेल त्यात लागू असलेल्या सगळ्या पॉलिसी दिसतात. 'एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' नावाची ओळ शोधा. तिच्यापुढे बत्तीस इंग्रजी अक्षरांची एक ओळख असते. एक्स्टेंशनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की प्रत्येक एक्स्टेंशनखाली तशीच ओळख दिसते. दोन्ही जुळल्या की चोर सापडला. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्याच ओळीत 'सोर्स' म्हणून 'क्लाउड' लिहिलेलं असेल तर पॉलिसी तुमच्या शाळेच्या किंवा कार्यालयाच्या खात्यातून येते आहे. 'प्लॅटफॉर्म' असेल तर ती याच मशीनमध्ये आहे.

आता क्रम महत्त्वाचा. रजिस्ट्रीत लगेच हात घालू नका, कारण हुकूम लिहिणारा प्रोग्राम जिवंत असेल तर तो पुन्हा लिहील. आधी विंडोजच्या अॅप यादीला तारखेप्रमाणे लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेलं अनोळखी काही असेल तर काढा. मग 'टास्क शेड्युलर' (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं विंडोजचं साधन) उघडून त्याची लायब्ररी पाहा. पॉवरशेल (विंडोजला लेखी हुकूम देण्याचं साधन) वापरून कुठली तरी स्क्रिप्ट चालवणारं, ओळखीच्या कुठल्याच कंपनीचं नाव नसलेलं काम तिथे दिसलं तर ते आधी नुसतं थांबवा, लगेच पुसू नका. ऑगस्ट 2024 मध्ये रीझनलॅब्स या सुरक्षा कंपनीने उघड केलेल्या मोहिमेत नेमकं हेच होतं. खोट्या डाउनलोड साइटवरून आलेला प्रोग्राम शेड्युलरमध्ये काम लावायचा, त्यातून पॉवरशेल चालायचं आणि क्रोम व एज (मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर) दोन्हींमध्ये एक्स्टेंशन सक्तीने बसायची. त्यात किमान तीन लाख लोक सापडले असं त्यांनी सांगितलं.

मग क्रोम बंद करा आणि 'रेजएडिट' (रजिस्ट्री पाहायचं विंडोजचं साधन) उघडा. 'एचकी लोकल मशीन'मध्ये सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने फोर्सलिस्टपर्यंत जा. पॉलिसीच्या पानावर 'करंट यूजर' लिहिलेलं असेल तर हीच वाट 'एचकी करंट यूजर'मध्ये चाला. फाइल मेनूतल्या 'एक्स्पोर्ट'ने आधी प्रत काढून ठेवा. मग फक्त ती बत्तीस अक्षरांची नोंद पुसा, आजूबाजूचं काही नको. क्रोम उघडून पॉलिसीच्या पानावर 'रीलोड पॉलिसीज' दाबलं की एक्स्टेंशन बहुतेक वेळा आपोआप जातं, नाहीतर 'रिमूव्ह' बटण तरी उघडं होतं. एजची नोंद वेगळी, मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरखाली असते, तीही पाहा. मेसेजमध्ये एजचा उल्लेखच नाही. शेवटी विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचं (विंडोजच्याच अँटीव्हायरसचं) ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होतं आणि साधारण पंधरा मिनिटं लागतात. रजिस्ट्रीची भीती वाटत असेल तर हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या, पण त्याला फॉरमॅट नको, पॉलिसी तपासा असं स्पष्ट सांगा.

फॉरमॅटने हे सगळं जातं, नाही म्हणत नाही. पण त्यासोबत काय जातं तेही पाहा. डेस्कटॉपवरचे स्कॅन केलेले कागद, श्रीलिपी आणि कृतीदेवचे फॉन्ट, अंगठ्याच्या मशीनचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर. हे पुन्हा जमवताना जुलैतल्या विम्याच्या गर्दीत केंद्र बंद ठेवावं लागतं आणि लोक तालुक्याला हेलपाटे घालतात. शिवाय फॉरमॅटनंतर सिंक चालू केलं आणि दोष त्यातच असेल, तर तेच एक्स्टेंशन नव्या विंडोजवर हजर होतं. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधली चोरीची विंडोज आणि तिचं फुकटचं अॅक्टिव्हेटर टाकलं, तर स्वच्छ मशीनवर पहिल्याच दिवशी नवी घाण घेतली. डिफेंडर पुन्हा पुन्हा पासवर्ड चोरणारा प्रोग्राम दाखवत असेल, तर फॉरमॅट योग्यच. तेव्हा मात्र विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या.

आणि मेसेजमध्ये ज्याचा एक शब्दही नाही, ते काम फॉरमॅट केलं तरी उरतंच. एक्स्टेंशनने तुमचं चालू लॉगिन उचललं असेल तर ते पासवर्डशिवाय वापरता येतं, मग तुमचं मशीन कितीही स्वच्छ असो. म्हणून दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून ईमेलचा, बँकेचा आणि केंद्राच्या पोर्टलचा पासवर्ड बदला, आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' हा पर्याय असेल तिथे तो वापरा. पैसे गेले असतील तर मशीन नीट होण्याची वाट पाहू नका, त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. तक्रार लवकर गेली तर रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी रोखली जाण्याची शक्यता असते.