‘गोल करून बसतात, रडतात आणि घरी जातात’ : एका फॉरवर्डला उत्तर

३० सप्टेंबर, म्हणजे कॅनडाचा ‘सत्य आणि सलोखा’ दिवस, जवळ आला की तिथल्या मराठी गटांत एक मजकूर फिरतो. त्याचा आशय असा: ‘निवासी शाळांबद्दल सरकारने २००८ मध्ये माफी मागितली, सत्य आणि सलोखा आयोग नेमला, पैसे वाटले. आता मूळनिवासी आणि बाकीचे गोल करून बसतात, रडतात आणि घरी जातात. त्यातून काही ठरत नाही. सगळ्यांना सारखं बोलूही देत नाहीत. शिवाय आपण काल-परवा विमानातून उतरलो, आपला काय संबंध?’ यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. त्याकडे शेवटी येऊ.

‘आयोग नेमला, पैसे वाटले.’ इथे क्रमच उलटा लावलाय. निवासी शाळांमध्ये, म्हणजे मूळनिवासी मुलांची भाषा आणि संस्कृती मोडण्यासाठी चालवलेल्या वसतिगृह-शाळांमध्ये, सुमारे दीड लाख मूळनिवासी मुलं घरापासून तोडून ठेवली गेली. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. त्यातून वाचलेल्यांनी खटले भरले, आणि १९ सप्टेंबर २००७ ला अमलात आलेल्या तडजोडीत आयोग हे एक कलम होतं. माफी त्यानंतर, ११ जून २००८ ला. शाळेतल्या पहिल्या वर्षासाठी १०,००० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३,००० हाही त्याच तडजोडीचा भाग. अत्याचारांचे दावे वेगळे होते, त्यांची सुनावणी एकेका माणसाची झाली. याला वाटप म्हणत नाहीत, भरपाई म्हणतात.

‘त्यातून काही ठरत नाही.’ बरोबर, कारण वर्तुळ, म्हणजे गोल बसून एकेकाने बोलायची ही बैठक, ठरवण्यासाठी नसतंच. सभेत ठराव असतो, मतदान असतं. इथे ज्याच्या हातात गरुडाचं पीस (कुठे दगड, कुठे काठी) तोच बोलतो. मध्येच उत्तर द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बोलायचं नसेल तर पीस मुकाट्याने पुढे द्यायचं, कारण विचारलं जात नाही. पीस बहुतेक ठिकाणी घड्याळाच्या दिशेने फिरतं, पण हे त्या भागातल्या एल्डरला, म्हणजे समाजाने मानलेल्या ज्येष्ठांना, विचारून घ्यायचं.

हिशेब साधा आहे. पंधरा माणसं, प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे एक फेरी सव्वा तासाची. दोन फेऱ्या आणि मधला चहा धरला की तीन तास गेले. चाळीस जण आले तर तीन वर्तुळं आणि ती चालवणारे तिघे लागतात. चाळिसांचं एकच वर्तुळ केलं की शेवटच्या दहा जणांना ‘जरा थोडक्यात’ सांगावं लागतं, आणि वर्तुळ तिथेच मोडतं. ज्याला बोलायला दोन तास धीर गोळा करावा लागला, तो बहुधा त्या दहांतच असतो.

एल्डरला काही आठवडे आधी, प्रत्यक्ष भेटून विचारतात. अनेक फर्स्ट नेशन्समध्ये (इन्युइट आणि मेटी सोडून इतर मूळनिवासी समाज) विनंती करताना तंबाखू पुढे करतात आणि ती हातात घेतली म्हणजे होकार. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइटांकडे ही रीत नाही. तिथे सुरुवातीला ‘कुलिक’ हा चरबीवर जळणारा दगडी दिवा लावतात. सगळ्यांना एकच विधी चिकटवणं ही आयोजकांची नेहमीची चूक. सेज किंवा स्वीटग्रास या सुगंधी वनस्पतींची धुरी होणार असेल तर हॉलवाल्याची परवानगी आधी हवी, नाहीतर प्रार्थनेच्या मध्यावर आगीचा भोंगा वाजतो. मानधन त्याच दिवशी, पाकिटात. ‘बिल पाठवा, महिन्याभरात देतो’ असं नाही.

रेकॉर्डिंग तर सर्वांना विचारल्याशिवाय नाहीच. अत्याचाराच्या दाव्यांत दिलेल्या गोपनीय जबान्या, दावेदाराने जपायला सांगितलं नसेल तर, पंधरा वर्षांनी नष्ट कराव्यात असा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या मालकीची, हे तिथे इतकं गंभीरपणे घेतात.

आणि रडणं. आयोगाच्या कार्यक्रमांत डोळे पुसलेले कागदी रुमाल गोळा करून पवित्र अग्नीत अर्पण करत. आधार देणारे प्रशिक्षित लोक सभागृहातच असत. दुपारी उघडलेली आठवण रात्री जास्त छळते, म्हणून दुसऱ्या दिवशी फोन कोण करणार हेही आधी ठरवून ठेवावं लागतं.

‘सारखं बोलू देत नाहीत.’ पीस सगळ्यांच्या हातात येतं, त्यामुळे वेळ सारखाच असतो. अडतं ते दुसरीकडे. बाहेरून आलेला माणूस अपराधी भावनेने रडू लागतो आणि त्याला सावरायचं काम पुन्हा मूळनिवासी बाईवर पडतं. किंवा मूळनिवासींना लागू केलेला इंडियन ॲक्ट (१८७६) हा कायदा म्हणजे काय इथपासून तिलाच शिकवावं लागतं. म्हणून जाणते आयोजक इतरांसाठी आधी वेगळं सत्र घेतात. १९९७ पासून वापरात असलेला ‘ब्लँकेट एक्सरसाइज’ अशा वेळी कामी येतो: जमिनीवर ब्लँकेटं म्हणजे भूमी, त्यावर माणसं उभी, इतिहास वाचला जातो तसतशी ब्लँकेटं दुमडली जातात आणि माणसं आकसत जातात. त्यानंतरचं वर्तुळ वेळेअभावी गाळलं, तर लोक तो भार तसाच घेऊन घरी जातात.

‘आपला काय संबंध?’ मिसिसागा शहरात राहणाऱ्या मराठी माणसाच्या पत्त्यातच मिसिसागा या मूळनिवासी लोकांचं नाव आहे. टोरंटोची जमीन ज्या व्यवहारात गेली, त्याच्या (आणि ब्रँट ट्रॅक्टच्या) दाव्यापोटी त्यांच्यातल्या ‘मिसिसागाज ऑफ द क्रेडिट’ या फर्स्ट नेशनला २०१० मध्ये साडेचौदा कोटी डॉलर मिळाले. कॅल्गरी शहर मूळनिवासींशी झालेल्या १८७७ च्या सातव्या करारातल्या (ट्रीटी ७) जमिनीवर उभं आहे. जून २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेतच फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशातून घडलेला समाज) यांच्या हक्कांचा उल्लेख आहे. आयोगाच्या ९४ शिफारशींपैकी शेवटची तीच. वर्तुळात ‘आमच्यावरही इंग्रजांनी राज्य केलं’ अशी सुरुवात करण्याचा मोह आपल्याला होतो. खरं आहे, पण आपल्याकडून ते १९४७ ला गेले. इथून गेलेले नाहीत.

आता तो अर्धा खरा मुद्दा. कोणालाही साक्षीला खेचण्याचा अधिकार आयोगाला नव्हता आणि त्याच्यामुळे कोणी तुरुंगात गेलं नाही. जमिनीच्या बदल्यात मूळनिवासींना दरवर्षी पैसे देण्याचं ठरवणाऱ्या १८५० च्या रॉबिन्सन-ह्युरन कराराची वार्षिक रक्कम १८७५ पासून माणशी ४ डॉलरवर अडकली होती. २०२३ मध्ये १० अब्ज डॉलरची तडजोड झाली ती कोर्टात भांडून, पीस फिरवून नव्हे. जमीन, पैसा, हक्क यांच्याऐवजी वर्तुळ पुढे केलं जात असेल तर शंका घ्यायलाच हवी, आणि ती मूळनिवासी लोकच सर्वात आधी घेतात. म्हणून निमंत्रण आलं की आयोजकाला तीन गोष्टी विचाराव्यात: हे कोणी बोलावलं, एल्डरना काय दिलं जाणार, आणि मागच्या वर्तुळानंतर कोणी काय केलं. तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर त्या कार्यक्रमापुरता फॉरवर्ड खरा आहे.