पिल्लाचे दात मोजू नका

बैलबाजारात आपल्याला कोणी फसवून दाखवावं. पहाटेच्या गाडीनं बाजार गाठायचा, बैलाचा जबडा उघडून दोनदाती की चारदाती की जुळलेला ते स्वतःच्या बोटानं ठरवायचं, भोवरे पाहायचे, खूर उचलायचा, चार पावलं चालवून बघायचा. गाय असेल तर दोन्ही वेळचं दूध काढून पाहिल्याशिवाय इसार नाही. कालवड असेल तर तिची माय किती देत होती आणि लाथ मारत होती का, इथपर्यंत चौकशी. हे ज्ञान तुमच्या घरात तीन पिढ्यांचं आहे. पोरीनं वाढदिवसाला जातिवंत पिल्लू मागितलं की ते सगळं ज्ञान खुंटीला टांगा. कुत्रं म्हणजे काय बैल आहे?

पहिलं काम जात निवडण्याचं. पग घ्या. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं, आणि पगचं नाक तर माणसानं हौसेपायी पार आत दाबून टाकलेलं. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५च्या वर गेला की त्याला टिनाच्या सपरीत बांधा आणि जागेपणीही कसा घोरतो ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवा. पग नको असेल तर शित्झू आहे. त्याचे लांब केस गोखरू आणि गोचिडांच्या फार सोयीचे. याहून बारीक माल हवा तर ‘टीकप’ मागा. या नावाची जात केनेल क्लबच्या, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत नाही, पण भाव दुप्पट आहे, म्हणजे काहीतरी असेलच. एक वेळचं खाणं चुकलं तरी अंगातली साखर उतरून आडवं पडेल, एवढंसं ते पिल्लू. आणि आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत माणसांचंच जेवण तीन वाजता होतं.

पामेरियन मात्र टाळा. खरा पामेरियन साडेतीन किलोच्या आतबाहेर राहतो. गावोगावी त्या नावानं जो पांढरा भुंकतो तो बहुधा इंडियन स्पिट्झ, चांगला दांडगा होणारा. ऊन सोसतो, भाकर खातो, अनोळखी माणसाला दारात उभं राहू देत नाही. मग त्यात जातिवंत ते काय राहिलं?

आता विकणारा. ज्याच्या घरी एकदोनच कुत्र्या आहेत, जो पिल्लांची माय समोर आणून उभी करतो, उलट तुम्हालाच विचारतो की घरी दिवसभर कोण असतं, उन्हाळ्यात ठेवाल कुठं, नंतर नको झालं तर मलाच परत आणून द्या म्हणतो, अशा संशयी माणसाच्या नादी लागू नका. पैसे घेऊन माल द्यायचा तर एवढ्या चौकशा कशाला? आपला माणूस वेगळा. त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसला सकाळी लॅब्राडोर, दुपारी पग, संध्याकाळी पर्शियन मांजर. पिल्लांची माय दाखवा म्हटलं तर ती दुसऱ्या फार्मवर असते, बाप तिसऱ्या. फार्म कुठं आहे हे विचारणं तर शिष्टाचाराला धरून नाही.

केंद्र सरकारनं २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम काढलेत. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, कुत्री दीड वर्षाची होईस्तोवर फळवायची नाही, जन्मात पाचाच्या वर वेत नको. मी आपल्या त्या स्टेटसवाल्या विकणाऱ्या भाऊला फोनवर नोंदणी क्रमांक विचारला. तो म्हणाला, “भाऊ, तुमाले कुत्रं पायजे का सातबारा?” मी लाजलो.

केनेल क्लबचा कागदही मागू नका. त्यावर तीन पिढ्यांची वंशावळ असते, पण गुडघ्याची वाटी सरकते की नाही हे नसतं, आणि लहान जातींत नेमकी तीच सरकते.

लसीचं कार्ड जरूर घ्या, छान रंगीत असतं. बियाण्याची पिशवी फोडताना आपण बिल, टॅग, लॉट नंबर सगळं जपून ठेवतो, मूठभर दाणेही ठेवतो; चोर बीटीनं, म्हणजे कापसाच्या बेकायदा बियाण्यानं, एकदा हात पोळलेत ना. कार्डावर मात्र लसीच्या बाटलीचं स्टिकर आहे का, डॉक्टरची सही आहे का, हे पाहत बसू नका. निळ्या पेनाची एक बरोबरची खूण पुरते. वर तीन दिवसांची गॅरंटी मिळते, तीही तोंडी. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू शिरल्यावर उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू व्हायला बहुतेक चार-पाच दिवस तर लागतातच, म्हणजे गॅरंटी ठरवणाऱ्यानं अभ्यास करूनच ठरवली असणार. त्यानंतर गुरांच्या दवाखान्यात धावा. डॉक्टर लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेले असतात. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, फक्त तुमच्या गावाहून रात्री तिकडे एसटी नाही.

एक मात्र स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. आमचं पिल्लू ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून आलं, रात्री साडेअकराला, फाट्यावर. तेलाच्या पुड्यांचा खोका, त्याला पेचकसानं पाडलेली चार भोकं. क्लीनरनं खोका माझ्या हातात दिला, मी राहिलेले पैसे फोनवरून पाठवले, दोन महिने पुरे झाल्याचं भाऊनं पुन्हा एकदा लिहून पाठवलं. बाबा सोबत होते. त्यांनी काही न बोलता खोका उघडला, पिल्लू तळहातावर घेतलं आणि सवयीनं, अगदी बैलबाजारातल्यासारखा, त्याचा जबडा दोन बोटांनी उघडून आत बॅटरीचा उजेड मारला. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात यायला हवेत. बाबांना हा आकडा माहीत नव्हता, त्यांनी नुसतं पाहिलं. पुढं तांदळाच्या कणीएवढे चार-सहा, दाढांच्या जागी नुसती हिरडी. पिल्लू त्यांचं बोट चोखायला लागलं.

“हे त आजून मायच्या दुधावरचं हाये बे,” बाबा म्हणाले. “कोठी हाये याची माय?”

ट्रॅव्हल्सचे लाल दिवे वळणावर गेले होते. भाऊचा फोन लागेना.

तेव्हा पिल्लू आणायला जाताना बापाला घरीच ठेवा. फारच हट्ट केला तर येऊ द्या, पण बॅटरी नेऊ नका.